कुंभारकावळा आणि कर्नल सायक्स

पक्षी बघायचे तर त्यासाठी जुन्नरपर्यंत कशाला जायला हवे, असा प्रश्न आमच्या घरात प्रथम निघाला, आणि तो अगदीच गैर होता असे नाही. परसातल्या शेवग्यावर दिवसभर बुलबुल असतात, साळुंक्या ओसरीवर येऊन पोळीचा तुकडा मागतात, आणि कावळा तर पितृपक्षाबाहेरही आमच्यावर रुसत नाही. पण थोरली लेक कॉलेजात प्राणिशास्त्र शिकते. तिने वर्षभर पैसे साठवून एक दुर्बीण घेतली होती आणि ती डोळ्यांना लावून बघण्याजोगे काही आमच्या परसात उरले नव्हते. "अप्पा," ती म्हणाली, "तुम्हाला इतिहास हवा आणि मला पक्षी. एकाच वाटेवर दोन्ही मिळत असतील तर याल की नाही?"

अशी वाट असते यावर माझा विश्वास नव्हता. तेव्हा तिने मला एक नाव सांगितले : कर्नल विल्यम हेन्री सायक्स. ते नाव मी दुसऱ्याच संबंधात ऐकले होते. जुन्नरची लेणी आणि नाणेघाट यांविषयी काही वाचायला घेतले की पहिल्या दोन-चार पानांत हा सायक्स भेटतोच. तोच सायक्स दख्खनच्या पक्ष्यांची पहिली मोठी यादी करणारा, हे मात्र मला लेकीकडून कळले. मुलांना शिकवायचे म्हणून शाळेत जातो आपण, पण घरी शिकायची पाळी आली की जरा अवघडच वाटते. असो. गेल्या माघात ती, मी आणि आमच्या शाळेतले चित्रकलेचे मास्तर असे तिघे पहाटेच्या एस. टी. ने जुन्नरला उतरलो.

सायक्सची हकीकत आधी सांगतो, म्हणजे पुढची वाट सोपी होईल.

हा माणूस १७९० साली जन्मला आणि ऐन पोरवयात कंपनी सरकारच्या मुंबई लष्करात दाखल झाला. १८०५ साली भरतपूरच्या वेढ्यात होता. १८१७ च्या नोव्हेंबरात खडकीला पेशव्यांची फौज आणि इंग्रजांची फौज समोरासमोर उभी राहिली, तेव्हा तो इंग्रजांच्या बाजूने देशी शिपायांच्या पलटणीत लढत होता. म्हणजे सरळ सांगायचे तर आपला शत्रू. पेशवाई बुडाली, डोंगरी किल्ले पडले; जुन्नरभोवतीच्या चावंड-जीवधनच्या पायऱ्यांची त्या काळातली मोडतोड आजही चढणाऱ्याच्या पायाला लागते. पुढे चार वर्षे हा युरोपात हिंडून आला. १८२४ साली परत आल्यावर गव्हर्नर एल्फिन्स्टनने त्याला मुंबई सरकारचा सांख्यिकी वार्ताहर नेमले. नव्याने हाती आलेल्या मुलखात माणसे किती, जमीन कसली, पिके कोणती, मजुरी काय, पाऊस किती, हे सारे मोजून कळवायचे, अशी ती नोकरी. मुलूख मोजायचा तो महसुलासाठी, यात शंका नको.

पण मोजता मोजता या माणसाला मोजण्याचा नादच लागला. माणसांबरोबर तो लांडगे मोजू लागला, मासे मोजू लागला, पाखरे मोजू लागला. १८२९ अखेर सरकारने ती जागाच मोडली, तरी हा आपले काम करीत राहिला आणि १८३१ साली विलायतेस परतला. १८३२ साली लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळाच्या वृत्तांतात त्याची दख्खनच्या पक्ष्यांची यादी छापून आली. तीत सुमारे २३६ जाती होत्या, आणि त्यांतल्या कित्येक अशा की ज्यांना शास्त्राच्या वहीत तोवर नावच नव्हते. पुढे तो ईस्ट इंडिया कंपनीचा अध्यक्ष झाला, पार्लमेंटात गेला, १८७२ साली वारला. या मोठेपणाशी आज आपल्याला काही कर्तव्य नाही. आपल्याला हवा आहे तो दख्खनात तंबू ठोकून राहिलेला, चाळिशीच्या आतला सायक्स.

स्थानकावर आमचा वाटाड्या उभा होता. तिशीचा, सडपातळ, महादेव कोळी समाजातला, आंबेगाव तालुक्याच्या डोंगराकडचा तरुण. पक्षी दाखवण्याचे रीतसर शिक्षण त्याने घेतले होते. "चला गुरुजी, ऊन चढलं की पाखरं गप होत्यात," एवढे बोलून तो चालूच लागला.

जुन्नरहून पश्चिमेला निघालो की डाव्या हाताला शिवनेरी उभा असतो. महाराजांचा जन्म झाला त्या गडाला हात जोडले आणि शेतांत शिरलो. एकीकडे ऊस, एकीकडे कांदा, मध्ये बांधावर बाभळी. "उसाच्या कडेनं एकटं जायचं न्हाई," वाटाड्याने बजावले. बिबट्याने या तालुक्यात उसालाच रान मानले आहे, हे आता सर्वांना ठाऊक आहे.

पहिला मान मिळाला तो सातभाईंना. आठ-दहा करडे, लांब शेपटीचे पक्षी बांधावर उड्या मारीत एकमेकांना दटावत चालले होते. लेकीने दुर्बीण लावली आणि म्हणाली, "शेपटीच्या कडा पांढऱ्या. हा मोठा राखी सातभाई. शास्त्रीय नाव मॅल्कमी." मी चमकलो. मॅल्कम म्हणजे मुंबईचा गव्हर्नर सर जॉन मॅल्कम, १८२७ ते १८३० या काळातला? तोच. सायक्सने आपल्या वरिष्ठाचे नाव या कलकलाट करणाऱ्या पाखराला दिले! चित्रकला मास्तर म्हणाले, "आपण असं मुख्याध्यापकांचं नाव दिलं असतं तर?" आम्ही हसलो, आणि सातभाईही उडाले.

ओढ्याकाठी एक मातकट बगळा मान आखडून बसला होता. तो उडाला तेव्हा एकाएकी पांढराशुभ्र झाला. बसलेला असताना चिखलात दिसत नाही आणि उडाला की डोळे दिपवतो, म्हणून याला वंचक म्हणतात. ढोकरी हेही याचेच नाव. सायक्सने याला लंडनच्या ग्रे नावाच्या प्राणिशास्त्रज्ञाचे नाव दिले आहे. पुढे माळ लागला. तिथे डोक्यावर तुरा असलेला, तांबूस पोटाचा चंडोल दगडावर बसून गात होता, आणि मध्येच दुसऱ्या पाखरांच्या नकला करीत होता. हा चंडोल हिंदुस्थानच्या द्वीपकल्पाबाहेर कोठेही राहत नाही. इंग्रजीत त्याला आज सायक्सचेच नाव आहे. पण सायक्सने स्वतः त्याला दिलेले नाव आहे 'देवा'. एका बारक्या, गवताळ रंगाच्या पाहुण्या पाखराचे त्याने ठेवलेले नाव 'रामा'. थंडीत येणाऱ्या परीट पक्ष्याच्या एका जातीला 'दुखुनेन्सिस', म्हणजे दख्खनचा. एका रातव्याला 'महरत्तेन्सिस', म्हणजे मराठ्यांचा. खडकीच्या लढाईनंतर पंधरा वर्षांत आपले नाव लंडनच्या छापखान्यात गेले ते असे, एका रातव्याच्या पंखांवर बसून.

ऐकताना मला गंमत वाटत होती, पण मन कुठेतरी अडतही होते. मॅल्कम, ग्रे, देव, राम, दख्खन, सगळ्यांची नावे लागली. ज्याने सायक्सला ओढ्याकाठी नेऊन "तो बघा साहेब" म्हणून बोट दाखवले असेल, त्याचे काय? साहेब काही एकटा हिंडत नव्हता. बरोबर शिकारी असतील, बोजेवाले असतील, वाट दाखवणारे असतील. त्या काळी दुर्बिणीऐवजी बंदूक होती. पाखरू पाडायचे, कातडे सोलायचे, सुकवायचे आणि जहाजाने विलायतेला धाडायचे, अशी तेव्हाची रीत. पडलेले पाखरू काटेरी झुडपातून शोधून आणणारा हात कोणाचा होता? यादीतल्या एकाही पक्ष्याला त्या माणसाचे नाव नाही.

दुपारी नाणेघाटात पोचलो. घाटाच्या तोंडाशी दगडी रांजण आहे. जकातीचे पैसे त्यात पडत, असे सांगतात. दोन हजार वर्षांपूर्वी कल्याण बंदराकडचा माल याच खिंडीतून बैलांच्या पाठीवर जुन्नरला येई आणि पुढे पैठणकडे जाई. खिंडीच्या कडेला सातवाहनांचे लेणे आहे. राणी नागनिकेचा लेख त्याच्या भिंतींवर कोरलेला आहे : केलेले यज्ञ, दिलेल्या गाई, घोडे, हत्ती, त्यांचे आकडे. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या व्यक्तींच्या प्रतिमा होत्या. त्या आता गेल्या. कुठे पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या. पण प्रतिमांच्या डोक्यावर कोरलेली नावे बरीचशी शाबूत आहेत. माणसे पुसली गेली, नावे राहिली.

१८२८ च्या उन्हाळ्यात सायक्स या लेण्यात आला. त्याने आणि त्याच्यासारख्या दोन-चार माणसांनी ती अक्षरे पाहिली तेव्हा ती वाचणारा मनुष्य पृथ्वीच्या पाठीवर कोणी नव्हता. ब्राह्मी लिपी कलकत्त्याच्या जेम्स प्रिन्सेपने उलगडली ती १८३७ च्या सुमारास. जुन्नरभोवती मानमोडी, तुळजा, लेण्याद्री, शिवनेरी अशा डोंगरांत मिळून दोनशेहून अधिक लेणी आहेत, त्यांतल्या अनेकांवर लेख आहेत. सायक्सने त्यांतले काही उतरवून घेतले, आणि त्याविषयी मॅल्कमला लिहिलेले पत्र १८३७ सालीच लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापले गेले.

मी लेण्याच्या उंबऱ्यावर बसलो होतो. लेक खाली कोकणाकडच्या दरीत घिरट्या घालणारा ससाणा दाखवत होती. माझ्या डोक्यात मात्र एकच गोष्ट घोळत होती. अर्थ कळत नसताना अक्षर जसेच्या तसे उतरवून घ्यायचे, त्यात आपल्या सोयीने वेलांटी घालायची नाही, मात्रा पुसायची नाही, हे सोपे नव्हे. पुढे कोणी वाचणारा येईल, एवढ्या भरवशावर हे काम करायचे असते. पक्ष्यांच्या यादीतही त्याने हेच केले आहे. हळद्या आपण सगळ्यांनी पाहिलेला असतो. पिवळाजर्द, डोळ्यांतून काळी रेघ गेलेला. त्याला सायक्सने नाव दिले 'कुंडू'. खडकाळ माळावरच्या एका लाव्याचे नाव 'अरगुंडा'. एका पाणकोंबडीचे 'अकूल'. हे शब्द ग्रीक नाहीत आणि लॅटिनही नाहीत. प्राण्यांच्या बाबतीत तर त्याने साफ लिहून ठेवले की मराठे याला कोळसून म्हणतात, याला लांडगा म्हणतात, याला कोकरी म्हणतात. शब्द लिहिताना त्याची इंग्रजी जीभ अडखळली असेल, पण त्याने तो गाळला नाही.

हळद्याची एक गंमत पुढे झाली. मधली कैक वर्षे शास्त्रज्ञ आपल्या हळद्याला युरोपातल्या हळद्याचाच एक प्रकार समजत होते. अलीकडे, या शतकात, त्याला पुन्हा स्वतंत्र जात मानू लागले आणि सायक्सचे 'कुंडू' हे नाव जातीचे नाव म्हणून पुन्हा पुढे आले. उतरवून ठेवलेला शब्द असा कधी कामी येईल ते सांगता येत नाही.

मी वाटाड्याला विचारले, "काय रे, कुंडू म्हणतात का तुमच्याकडे हळद्याला?"

"न्हाई गुरुजी. आम्ही हळद्याच म्हणतो." मग जरा थांबून म्हणाला, "जुन्या माणसांना विचारलं पाहिजे. आजीला विचारू."

आजीला विचारण्यासाठी दुसऱ्या दिवशी आम्ही डोंगर बदलला. जुन्नरहून घोडेगाव, तिथून डिंभ्याचे धरण आणि मग जलाशयाच्या काठाने पश्चिमेला आहुपे. घोडेगाव हे आंबेगाव तालुक्याचे ठाणे. मग आंबेगाव कुठे आहे? वाटाड्याने मोटारीच्या खिडकीतून पाण्याकडे बोट दाखवले. घोड नदीवर डिंभ्याचे धरण झाले आणि मूळ आंबेगाव त्याच्या पाण्याखाली गेले. गाव बुडाले, तालुक्याला मात्र त्याचेच नाव. नाणेघाटात पाहिलेली ती भिंत मला पुन्हा आठवली.

या तालुक्याचा पाऊस मोठा विलक्षण आहे. घाटमाथ्यावर वर्षाला शंभर इंचांहून अधिक कोसळतो, आणि तोच पूर्वेला मंचरकडे जाईपर्यंत त्याचा जेमतेम चौथा हिस्सा उरतो. म्हणून सकाळी माळावरचा चंडोल पाहणारा मनुष्य दुपारी सदाहरित झाडांच्या काळोखात उभा राहू शकतो. भीमाशंकरचे हे रान सरकारने १९८५ साली अभयारण्य म्हणून राखले; क्षेत्र सुमारे १३१ चौरस किलोमीटर. पण त्याच्या कितीतरी आधीपासून ते राखले होते ते देवांनी. इकडे गावोगाव देवराया आहेत. देवराईतली वाळकी काटकीसुद्धा न्यायची नाही, असा दंडक. १९७० नंतरच्या दशकात डॉ. वर्तक आणि माधव गाडगीळ यांनी महाराष्ट्रातल्या देवरायांचा अभ्यास करून या राखणीचे मोल जगापुढे मांडले.

आहुप्याच्या देवराईत शिरलो तेव्हा उन्हाचे कवडसे तेवढे आत आले होते. अंजनीची आणि जांभळीची दाटी, हिरड्याची झाडे, झाडाला झाडाने धरून ठेवावे तशा लाकडासारख्या जाडजूड वेली. वर शेकरू एका झाडावरून दुसऱ्यावर गेले. आधी फांदी हलली, मग ती लांब, झुबकेदार शेपटी दिसली. आपल्या राज्याचा हा प्राणी भीमाशंकरच्या रानात अजून सुखाने नांदतो. कुठूनतरी एक शीळ आली, एखाद्या गुराख्याने सहज घालावी तशी, अर्धवट सोडलेली. "कस्तूर," वाटाड्या कुजबुजला. तांबट टुक्‌टुक्‌ करीत होता. आम्ही तासभर एका जागी बसलो. अशा वेळी मास्तरकीची सवय नडते. बोलल्याशिवाय राहवत नाही. वाटाड्याने ओठांवर बोट ठेवून मला गप्प केले. वर्गात मी पोरांना करतो तसेच.

मग वर, उंच फांदीवर पंखांची जड फडफड झाली. वाटाड्याने न बोलता लेकीचा हात धरून दुर्बीण वळवली. राखाडी, मोठा पारवा; मानेच्या मागे काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांचा बुद्धिबळाच्या पटासारखा पट्टा. हा रानपारवा मुख्यतः सह्याद्रीच्या दाट रानात आढळतो. सायक्सनेच त्याला नाव दिले आणि नाव दिले एल्फिन्स्टनचे, ज्याने त्याला नोकरी दिली त्याचे. लेकीने सांगेपर्यंत मला ते ठाऊक नव्हते. मी फक्त पाहत होतो. क्षणभराने पारवा दरीकडे निघून गेला.

"तुला कसं कळलं तिथे आहे म्हणून?" मी विचारले.

"फळ खाली पडलं न्हवं का," तो म्हणाला. मला फळ पडलेले ऐकूही आले नव्हते.

सायक्सला हा पारवा दाखवणारा असाच कोणी असेल, हे तेव्हा मला पुरते पटले.

दुपारी वाटाड्याच्या घरी नाचणीची भाकरी आणि पिठले जेवलो. त्याची आजी अंगणात बसून आमच्या लेकीच्या दुर्बिणीतून उलट्या बाजूने बघत होती आणि "सगळंच लांब गेलं गं बाय" म्हणून हसत होती. आजीला मी कुंडूचे विचारले. तिने मान हलवली. तिलाही तो शब्द माहीत नव्हता. सायक्सने तो कोणत्या गावी, कोणाकडून ऐकला असेल? शब्द पुस्तकात राहिला, अंगणातून गेला.

इतक्यात परड्याच्या कुंपणावर एक काळा, जाड पक्षी खुरडत चढला. तांबूस पंख, लाल डोळे, लांब शेपूट. वाटाडा लगबगीने लेकीला म्हणाला, "ताई, भारद्वाज. ग्रेटर कूकल."

आजी इकडे तिकडे बघू लागली. "भारद्वाज कोण पाव्हणा आलाय?"

"अगं आजी, ते पाखरू."

"तो व्हय? अरं, कुंभारकावळा म्हण की!"

सगळे हसले. वाटाडा जरासा ओशाळला. "पाव्हण्यांना आपली नावं कशाला सांगायची," तो हळू म्हणाला, "पुस्तकात हायेत ती सांगतो."

मी हसू शकलो नाही. वाचकहो, खरे म्हणजे याच एका शब्दासाठी मी हा लेख लिहायला घेतला आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्या वर्गात एक मुलगा होता. शेजारच्या वाडीहून चालत यायचा. मी निबंध घातला, 'मला आवडणारा पक्षी'. वर्गातल्या सगळ्यांनी मोर लिहिला. निळा गळा, डौलदार पिसारा, सरस्वतीचे वाहन. एका मोरावरून सगळ्यांनी गिरवलेले. या मुलाने लिहिले : कुंभारकावळा. त्याने लिहिले होते की तो आमच्या बांधावर येतो, आणि त्याचे पंख भट्टीतून नुकत्याच काढलेल्या मडक्यासारखे दिसतात, म्हणून त्याला असे म्हणत असतील. मी तांबड्या शाईने कुंभारकावळा खोडला, वर भारद्वाज लिहिले, आणि समासात 'ग्राम्य शब्द' असा शेरा मारला. मुलगा उभा राहिला. "गुरुजी, पण आमच्याकडं त्याला असंच म्हणतात." मी म्हणालो, "तुमच्याकडं काहीही म्हणोत. परीक्षेत चालायचं नाही." तो खाली बसला. दहांपैकी पाच गुण दिले होते मी त्याला.

पुढच्या वर्षी त्याने मोरावर निबंध लिहिला. त्याने मोर पाहिला होता की नाही, मी विचारले नाही. आठ गुण दिले.

त्या अंगणात बसल्या बसल्या माझा हिशेब झाला. एक परका लष्करी अधिकारी, आमच्या लोकांवर तोफा डागून आलेला. त्याने कोळसून ऐकले आणि कोळसून लिहिले. कोकरी ऐकली आणि कोकरी लिहिली. दगडावरची अक्षरे कळली नाहीत तरी जशीच्या तशी उतरवली. आणि मी? मराठीच्या पुस्तकांवर वाढलेला, मराठीच शिकवणारा, कथा-कादंबऱ्यांतून खेड्यातल्या माणसांची भाषा वापरून शाबासकी मिळवणारा. मला तो शब्द कळत होता. त्यातले मडके दिसत होते. आणि मी तो खोडला. सायक्सकडे बंदूक होती. त्याने पाखरे मारली आणि शब्द राखले. माझ्याकडे फक्त तांबडी शाई होती.

सायक्सला मी मोठा करू पाहतो असे कोणी समजू नये. ज्या माणसांनी त्याला हे शब्द दिले, त्यांची नावे त्याने राखली नाहीत, हा हिशेब त्याच्या खात्यावर आहेच. पण तो फेडायला तो आता येणार नाही.

आजीला मी म्हणालो, "आजी, तुम्ही आणखी पाखरांची नावं सांगा. ही लिहून घेते." आजीला प्रथम ही थट्टा वाटली. मग तिने सांगायला सुरुवात केली, आणि लेक लिहीत गेली. होला, पावशा, रातवा, टकाचोर. काही मला माहीत होती, काही मुळीच नव्हती. एका नावाला तीन-तीन वेळा थांबून ते कसे लिहायचे यावर आजी आणि लेक यांचा वाद झाला. वाटाडा गप्प ऐकत होता. थोड्या वेळाने तोही सांगू लागला, आणि आजीच्या दोन नावांत त्याने दुरुस्ती केली. ती तिने मान्य केली नाही. परततेवेळी त्याने लेकीला विचारले, "ताई, त्या यादीची एक नक्कल मला द्याल का? पुढच्या पाव्हण्यांना दोन्ही नावं सांगत जाईन."

अंधार पडता पडता आम्ही घोडेगावच्या वाटेला लागलो तेव्हा माळावरून रातव्याचा आवाज आला, टक्‌ टक्‌ टक्‌, बर्फावर गोटी टाकावी तसा. मराठ्यांच्या नावाचा रातवा हा नव्हे, तो गप्प आणि दुर्मीळ. हा आपला नेहमीचा. तरी तो ऐकायला आम्ही गाडी थांबवली.

यंदा जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मी वर्गात एक कोरी वही ठेवली. घरी, शेतात, आजीकडे ज्या पाखराला जे म्हणतात ते त्यात लिहायचे. पुढे पुस्तकातले नाव, आणि शेवटच्या रकान्यात ज्याने सांगितले त्याचे नाव. तो शेवटचा रकाना मी मुद्दाम आखून घेतला. मुले हसली, मग लिहू लागली. आता पाने भरत आहेत.

पहिल्या ओळीवर मी स्वतः लिहिले : कुंभारकावळा. पुढे लिहिले : भारद्वाज. तिसऱ्या रकान्यात त्या मुलाचे नाव लिहायला लेखणी टेकवली आणि तशीच थांबलो. त्याचा चेहरा आठवतो, तो उभा राहिलेला बाक आठवतो, भट्टीतल्या मडक्याचे वाक्य तर तोंडपाठ आहे. नाव आठवत नाही. जुनी हजेरीपत्रके शोधतो आहे. तोवर तो एक रकाना कोराच आहे.